मोहाखालचं जनावर

तो फोटो माझ्याकडे एका दुपारी ई-मेलने आला. मी तेव्हा वर्ध्यात एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात उपसंपादक होतो. आजही आहे. फोटोसोबत दोन वाक्यं होती : 'कृपया पाहावे. ओळख पटलेली नाही.'

पाठवणारा माणूस डेस्कवर सगळ्यांना ठाऊक होता. आधी तो लग्नांचे फोटो काढायचा. मग त्याने ट्रॅप कॅमेरे घेतले. हे कॅमेरे झाडाला बांधून ठेवतात. समोर काही हललं की ते आपोआप फोटो काढतात. त्यानंतर तो स्वतःच्या नावाखाली 'वन्यजीव अभ्यासक' असं लिहू लागला. आर्वी तालुक्यात जंगलाला लागून असलेल्या एका पडीक जमिनीवर त्याने असा कॅमेरा बांधला होता. नेमकं ठिकाण प्राण्यांच्या सुरक्षेसाठी गुप्त ठेवलं आहे, असं तो सांगायचा.

फोटो काळा-पांढरा होता. मोहाचं झाड, त्याच्याखाली झाडून स्वच्छ केलेली जमीन, आणि जमिनीवर चार पायांवर काहीतरी. पाठीवर मोठं वशिंड. डोकं खाली झुकलेलं, पण कॅमेऱ्याकडे वळलेलं. चेहऱ्याच्या जागी फक्त दोन पांढऱ्या गोल चकत्या. मागचा एक पाय फरपटत असावा. खालच्या पट्टीत वेळ होती, पहाटेचे पाच वाजून बारा मिनिटं, आणि तापमान होतं, एकोणीस अंश.

झाडलेली जमीन मी पाहिली होती. मोहाखालची जमीन कोण झाडतं आणि का, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्या दुपारी ते सुचलं नाही.

मुख्य उपसंपादकाने तिसऱ्या पानावर चार कॉलम जागा दिली. मथळा मी दिला : 'आर्वीच्या जंगलात हे कोण?' डेस्कवर नवीन आलेल्याला पहिल्या महिन्यात जे शिकवतात त्यात हेही असतं, की खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह द्यावं. मग उत्तर शोधणं वाचकाचं काम. फोटोओळीत मात्र प्रश्नचिन्ह बसत नाही. ती मी अशी लिहिली : 'मोहाच्या झाडाखाली पहाटे टिपलेला अज्ञात प्राणी.' त्यातला 'प्राणी' हा शब्द माझा. ई-मेलमध्ये तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून फोन सुरू झाले. रोहण्याच्या एका शिक्षकाने सांगितलं की हा मसण्या ऊद आहे, स्मशानात मढी उकरतो. पुलगावच्या एका निवृत्त कारकुनाने हे जनावर तरुणपणी तिथल्या दारूगोळा डेपोच्या कुंपणाशी पाहिलं होतं, फक्त तेव्हा त्याला शेपूट होतं. हिंगणघाटहून एका बाईंनी विचारलं, "थे पोरं उचलते काय जी?" मी नाही म्हणालो. "मंग छापलं काऊन?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. आलेले सगळे दावे आम्ही आठवडाभर एका चौकटीत छापले. चौकटीची कल्पना माझीच होती.

त्या वर्षी गणपतीत एका मंडळाने थर्माकोलचं जनावर केलं. एका चित्रकाराने ते तेलरंगात काढलं आणि त्याला हिरवे डोळे व सुळे दिले. फोटोत सुळे नव्हते. पण पुढच्या वर्षी फोटोबद्दल बोलणारे लोकही सुळ्यांचा उल्लेख करू लागले, आणि ज्यांनी ते जनावर प्रत्यक्ष पाहिल्याचं सांगितलं त्यांनी तर सुळ्यांची लांबी बोटांवर मोजून दाखवली.

अभ्यासक जिल्हाभर व्याख्यानं देऊ लागला. हिंगणघाटच्या एका सभागृहात मी त्याला ऐकलं. पडद्यावर आधी मंदिरांच्या खांबांवरचे व्याल आले, अर्धे सिंह, अर्धे दुसरंच काही. मग जुन्या नकाशांच्या कोपऱ्यांतले समुद्रराक्षस. मग परदेशातल्या तळ्यांचे आणि बर्फाचे धूसर फोटो. मग गोंड राजांच्या किल्ल्याच्या दरवाजावरचा, हत्तीवर स्वार झालेला सिंह. शेवटी आमच्या पानावरचा फोटो. तो त्याने दोन मिनिटं पडद्यावर तसाच ठेवला. मग तो म्हणाला, "इथल्या आदिवासी समाजाला हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांनी तो दगडात कोरून ठेवला. आपण फक्त आज पाहतो आहोत."

मी त्याच समाजातला आहे. आमच्या घरात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत गोंडी बोलत. आमच्यापैकी कोणालाही त्याने काही विचारलेलं नव्हतं. त्याचं ते वाक्य मी बातमीत जसंच्या तसं ठेवलं.

आता आईबद्दल. माझं गाव आर्वी तालुक्यात, जंगलाच्या कडेला आहे. शेत भावाच्या नावावर, घर भावाचं. आईचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, गावाबाहेरच्या पडीक जमिनीवरचा मोह. झाड कोणाच्या मालकीचं नव्हतं, पण गावात त्याची एक रीत आहे. फाल्गुनात जो झाडाखालचा पालापाचोळा झाडून जमीन साफ करतो, त्या हंगामाची फुलं त्याची. झाडणं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं आणि कोणाला फसवून झाडलेलं नसावं, एवढीच अट. माझ्या आईने लग्नानंतरच्या पहिल्या फाल्गुनापासून तो मोह झाडला होता. घरातल्या भांडणात तिला कोणी काही बोललं की ती टोपली घ्यायची आणि त्या झाडाकडे चालू लागायची.

फोटो छापून आला त्याच दिवशी तिचा फोन आला होता.

"बापू, थे झाड आपलं हाये. बुडाशी जळकी ढोली हाये नं, थेच. सून पेपर दाखोवून राह्यली."

"नक्की?"

"चाळीस साल झाडून राह्यलो, मले नाई वळखू येईन काय? पन त्याच येळी मी थंच असतो रे. मले पाह्यलं असन काय त्यानं?"

मी म्हणालो, "तू जाऊ नको आता."

"मोह पडून राह्यला नं."

"पडू दे. जाऊ नको."

ती गेली नाही. गावातलं दुसरंही कोणी गेलं नाही. त्या हंगामाची उरलेली फुलं रानडुकरांनी खाल्ली. पुढचा फाल्गुन आला, झाड कोणी झाडलं नाही. त्याच्या पुढचाही तसाच गेला. झाडाखाली पानं साचली, घाणेरीची झुडपं वाढली. आई घरीच राहिली. सुनेच्या, म्हणजे माझ्या वहिनीच्या, हाताखाली भाज्या निवडायची. मी गावी गेलो की एकदा तरी विचारायची, "थे जनावर सापडलं काय रे तुमाले?" मी सांगायचो, शोध सुरू आहे.

हे तीन वर्षं चाललं. चौथ्या वर्षी अभ्यासकाने वर्ध्यात प्रदर्शन ठरवलं, लोककथा, कला आणि छायाचित्रांतले अद्‌भुत प्राणी. आमचं दैनिक त्याला पुरवणीचं एक पान देणार होतं आणि ते पान माझ्याकडे होतं. त्याने मूळ फोटो पेनड्राइव्हवर पाठवले. मोहाच्या फोटोचं वेगळं फोल्डर होतं. मी ते उघडलं. आत एक नव्हे, तीन फोटो होते.

ट्रॅप कॅमेरा एका हालचालीला सलग तीन फोटो काढतो, एकेका सेकंदाने. हे त्यानेच व्याख्यानात सांगितलेलं होतं. आम्हाला त्याने मधला पाठवला होता.

पहिल्या फोटोत कडेला टोपली होती आणि टोपलीवर माणसाचा हात. तिसऱ्यात माझी आई मोहाच्या बुंध्याला धरून उठत होती. डोक्यावरून पाठीवर खताच्या पोत्याची खोळ. पोत्यावरची अक्षरं उलटी. डोळ्यांवर मोतीबिंदूच्या शिबिरात मिळालेला जाड चष्मा. त्याची डावी काडी तुटलेली, तिच्या जागी काळा दोरा. तो दोरा मी बांधला होता.

तिचे गुडघे गेलेले आहेत. तिला उकिडवं बसता येत नाही. मोह वेचताना ती दोन्ही तळवे आणि गुडघे टेकून पुढे सरकते आणि उजवा पाय मागे ओढला जातो. पहाटेचा गारवा आणि वरून टपटपणारी फुलं लागू नयेत म्हणून पोतं. चकत्या म्हणजे चष्म्याच्या काचांवर पडलेला, डोळ्यांना न दिसणारा कॅमेऱ्याचा झोत. मधला फोटो मी पुन्हा उघडून पाहिला. आता त्यात आईशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. चार कॉलम जागेत तो लावताना मी तो चांगली पंधरा मिनिटं पाहिला होता.

मी अभ्यासकाला फोन केला.

"फोल्डरमध्ये तीन फोटो आहेत," मी म्हणालो.

"तिन्ही गेले का? चुकून गेले असतील. मधलाच वापरा."

"तिसऱ्यात बाई आहे."

"येऊन गेली असेल कोणी. आधी प्राणी, मग बाई."

"दोन्हींत एका सेकंदाचं अंतर आहे."

तो हसला. "साहेब, तुम्ही पेपरवाले. माझी मेल काढून बघा. मी कुठं लिहिलं प्राणी आहे म्हणून? प्राणी तुम्ही छापलात. मी तुमचं छापलेलं लोकांना दाखवतो, एवढंच."

मेल माझ्यासमोरच उघडी होती. त्यात 'ओळख पटलेली नाही' असं होतं. ती पाठवताना तिसरा फोटो त्याच्याजवळ होता, म्हणजे ते वाक्य खोटं होतं. पण 'प्राणी' हा शब्द खरोखरच त्यात नव्हता.

"ती बाई कोण आहे, चौकशी केली का तुम्ही?" मी विचारलं.

"असेल कोणी मोहवाली. तिला काय फरक पडतो?"

ती माझी आई आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने माफी मागितली असती आणि फोटो प्रदर्शनातून काढला असता. मला फोटो भिंतीवर हवा होता. मी म्हणालो, "ठीक आहे, मधलाच वापरू," आणि तिन्ही फोटोंच्या प्रती माझ्या संगणकावर घेतल्या.

त्या रविवारी गावी गेलो. आई ओसरीवर बसली होती. मी मोबाइलवर तिसरा फोटो दाखवला. तिने हात लांब करून पाहिला.

"हे तं मी व्हय. कोनं काढला?"

मी मधला फोटो पुढे केला. "अन् हे कोण?"

"हेही मीच. पोतं पाह्य नं." मग ती थांबली. "हे तं थेच व्हय नं, पेपरातलं?"

"तेच."

ती पाहत राहिली. मग हसायला लागली. इतकी हसली की खोकला लागला आणि सून पाणी घेऊन आली. "अवं माय वं," ती म्हणाली, "तीन साल मी मलेच भेलो!"

सून आत गेल्यावर तिचं हसणं थांबलं होतं.

"हे काढनाऱ्याले मालूम होतं?"

"होतं."

"अन् तुले?"

"आत्ता कळलं."

"माय वळखू नाई आली?"

"फोटो धूसर होता."

"दोरा तुह्या हातचा हाये," ती म्हणाली. मथळा कोणी दिला होता हे तिने विचारलं नाही, आणि मी ते अजून सांगितलेलं नाही.

मी तिला सांगितलं की मी हे सगळं छापणार आहे आणि त्या माणसाला जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही. ती मोबाइलच्या काचेवरून बोट फिरवत होती.

"आता छापू नको," ती म्हणाली. "फागुन सुरू हाये. मोह होऊन जाऊ दे. मंग छापजो."

"का?"

"तीन साल गेले माहे. लोकं भेऊन राह्यले तं भेऊ दे. यंदा कोनी येत नाई थं. सारा मोह माहा."

"बरं," मी म्हणालो.

चार दिवसांनी तिने झाड झाडलं. दिवसाढवळ्या, एकटीने, घाणेरी उपटून, पानं पेटवून. गाव लांबून पाहत होतं. पुढचं तिने मला फोनवर सांगितलं. माझी चुलत काकू, म्हणजे तिची जाऊ, वाटेत उभी राहून म्हणाली, "जाऊबाई, पागल झाली काय वं? भेव नाई लागत तुले?"

"लागते नं," आई म्हणाली. "पन आता माह्यात खाण्यासारखं काय राह्यलं? चामडं अन् चष्मा."

"त्यानं वढून नेलं तं?"

"तं तुह्या डोक्याचा ताप कमी होईन."

फुलं पडायला लागली. ती पहाटे जायची, ऊन चढायच्या आत टोपली भरून यायची. बायका तिच्याकडे जरा घाबरून बघायच्या. एकीने तिच्याकडे पोरासाठी भारलेला दोरा मागितला, तिने दिला. फोनवर ती मोठ्याने बोलू लागली होती. सुनेबद्दलची तक्रार तिने तीन आठवड्यांत एकदाही केली नाही.

प्रदर्शनाचं उद्‌घाटन चैत्राच्या मध्यावर होतं. मोह अजून पडत होता. बातमी थांबू शकत होती, हे मी इथे नोंदवून ठेवतो. फोटो तीन वर्षं जुना होता, आणखी तीन आठवड्यांनी त्यातलं काही बिघडलं नसतं. पण उद्‌घाटनाच्या सकाळी पाहुणे निघायच्या आधी त्यांच्या हातात आमचा अंक असावा, अशी माझी इच्छा होती. सहा फुटी फोटो भिंतीवर लागलेला असावा आणि तो उतरवायला अभ्यासकालाच शिडी लावावी लागावी. त्याला मी तीन वर्षं मोठा केला होता. त्याला खाली आणण्याची वेळ मीच ठरवणार होतो.

बातमी मी स्वतः लिहिली. तिन्ही फोटो क्रमाने, प्रत्येकाखाली सेकंदासह वेळ. विशेषण एकही नाही. संपादकांनी विचारलं, "बाईचा चेहरा धूसर करायचा का?" मी नको म्हणालो. धूसर केला की तो माणूस पुन्हा म्हणाला असता, कशावरून बाई? संपादक म्हणाले, "मग ओळख पटल्याचं पक्कं लिही. कोणी पटवली, कधी पटवली. उद्या नोटीस आली तर?" ते बरोबर होतं. मी वाक्य घातलं : 'छायाचित्रातील महिलेने फाल्गुन महिन्यातच हे छायाचित्र आपले असल्याचे प्रस्तुत प्रतिनिधीस सांगितले.' ती माझी आई असल्याचं लिहिलं नाही. मथळ्यात प्रश्नचिन्ह नव्हतं.

अकरा वाजता मी प्रदर्शनाच्या सभागृहात गेलो. प्रमुख पाहुणे आले नव्हते. व्यालांचे आणि किल्ल्याच्या दरवाजाचे फोटो जागेवर होते. समोरच्या भिंतीवर मधोमध मोठी रिकामी चौकट होती आणि तिच्याखाली गोंदाने चिकटवलेली फोटोओळ तशीच राहिली होती, ती निघत नव्हती. एका शाळेच्या मुली रांगेने आल्या होत्या. एकीने त्यालाच विचारलं, "सर, थे जनावर कुठी हाये?" तिच्या बाईंनी तिला ओढून पुढे नेलं.

त्याने मला पाहिलं आणि जवळ आला. हातात फडकं होतं.

"एक फोन करायचा होता तुम्ही," तो म्हणाला.

"केला होता."

"अहो, माझं इतक्या वर्षांचं काम आहे हे."

"असेल. त्या बाईला काय फरक पडतो?"

स्वतःचं वाक्य त्याला आठवलं असावं.

"ती माझी आई आहे," मी म्हणालो.

"मग तेव्हाच सांगायचं ना! मी त्याच दिवशी फोटो काढून टाकला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं."

तो आणखी काही बोलणार होता. मी भिंतीकडे वळलो आणि रिकाम्या चौकटीचा फोटो काढला. तो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर लागला.

मी तिथेही थांबलो नाही. पुढचे चार दिवस त्याचे जुने फोटो तपासले. एक घुबड पिंजऱ्यातलं निघालं, सळईची सावली पिसांवर स्पष्ट होती. जिल्ह्यातला म्हणून दाखवलेला काळा बिबट्या दुसऱ्या राज्यातला होता. मागचं झाड आपल्याकडे होतच नाही. प्रत्येक दिवशी एक बातमी, प्रत्येक बातमीत त्याची प्रतिक्रिया : 'प्रतिसाद मिळू शकला नाही.' दोन महाविद्यालयांनी व्याख्यानं रद्द केली. त्याच्या घराखाली मुलं चार पायांवर चालून दाखवतात, असं आमच्या छायाचित्रकाराने सांगितलं. मी त्याला म्हणालो, फोटो मिळतो का बघ. मला त्या चार दिवसांत चांगली झोप लागली.

पाचव्या दिवशी आईचा फोन आला. "येजो," एवढंच म्हणाली.

मी संध्याकाळी गावी पोचलो. ती माझ्याशी बोलली नाही. पहाटे तिने टोपली आणि पोतं घेतलं आणि मला मागे येण्याची खूण केली. झाडाखाली आधीच सात बायका होत्या. काकू बुंध्याजवळ बसली होती, जिथे फुलं सगळ्यात दाट पडतात.

"आलं वं आलं, जनावर आलं!" एक जण ओरडली. सगळ्या हसल्या.

"आज पिलूही घेऊन आलं," दुसरी म्हणाली.

मी काकूला म्हणालो, "काकू, झाड आईने झाडलं आहे. हंगाम तिचा आहे."

"झाडलं, खरं हाये," काकू हात न थांबवता म्हणाली. "पन आमाले भेव दाखोवून झाडलं. तिले फागुनातच मालूम होतं थे जनावर कोन व्हय थे. मी वाटेत इचारलं तं मले म्हने, भेव लागते."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच सांगतलं नं बापू. पेपरात लिव्हलं. माह्या सुनेनं दोनदा वाचून दाखोवलं. फागुन महिन्यातच, असं."

एवढं बोलून ती फुलं वेचत राहिली. तिचं चूक नव्हतं. फसवून झाडलेलं धरत नाहीत, ही रीत मलाही माहीत होती. दोन दिवसांपूर्वी बायकांनी बसून ठरवलं होतं, की या हंगामाची फुलं सगळ्यांची, यापुढे झाड आठ घरांनी दरवर्षी एक असं पाळीपाळीने झाडायचं, आणि माझ्या आईची पाळी शेवटची. तिचं आजचं वय पाहता ती पाळी तिच्या हयातीत येईल असं मला वाटत नाही. तिलाही वाटत नव्हतं.

बांधाच्या बाजूला, जिथे फांद्या विरळ आहेत, तिथली जमीन त्यांनी तिच्यासाठी सोडली होती. तिने पोतं डोक्यावर घेतलं, तळवे टेकले, गुडघे टेकले. मी तिच्या शेजारी बसलो.

"थे एक ओळ काऊन लिव्हली?" तिने विचारलं. आवाज हळू होता, पण बाकीच्या ऐकत होत्या.

"त्याशिवाय बातमी पक्की होत नव्हती."

"अन् मोह होऊन जाऊ दे म्हनलं होतं, तं?"

"तेव्हा प्रदर्शन संपलं असतं."

तिने तीन-चार फुलं उचलली, त्यांची माती फुंकली आणि टोपलीत टाकली.

"त्या मानसाले पाडाले माहा मोह लागला काय रे तुले?"

मी हो म्हणालो. तिने पुढचा हात टाकला, उजवा पाय ओढून घेतला आणि माझ्यापासून लांब सरकत वेचू लागली.